जहाज सहाला लागतं

आ-शियाला रांग सोसत नाही. म्हणजे तिच्यासमोर लोकांनी लावलेली रांग सोसते, आवडतेसुद्धा. स्वतः कुणाच्या पाठीमागे उभं राहायची वेळ आली की तिच्या तळपायांना खाज सुटते.

कीलुंग बंदराच्या वरच्या अंगाला, चढणीच्या पायऱ्या सुरू होतात तिथे तिची न्याहारीची टपरी आहे. वाफाळता चिकट भात, त्यात मुळ्याचं खारवण, मैद्याची कुरकुरीत तळलेली कांडी, आणि सगळ्याचा मुठीत दाबून केलेला मुटका; सोबत पेलाभर गरम सोयाचं दूध. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत त्याचा मुटका पिशवीत पडलेला असतो. कुणी "आज काय बरं घ्यावं" म्हणत रेंगाळलं की ती मान वर न करता म्हणते, "बाजूला उभं राहून विचार करा. मागच्यांचा विचार झालाय." त्यामुळे गल्लीतली माणसं तिच्याकडे अर्धवट झोपेत जातात आणि मुटका घेऊन येतात. पुरती जागी असली तर विचार करतील आणि बोलणी खातील.

अशा बाईला जहाजाच्या सहलीला धाडायची कल्पना समोरच्या पाओ-छिनची. पाओ-छिनचं केस कापायचं दुकान आहे. डोकं तिच्या हातात, त्यावर फेस, डोळे मिटलेले. अशा माणसाला ती काहीही पटवू शकते. तिचा भाचा सहली विकायच्या कचेरीत कामाला. आ-शियाचा नवरा आ-थू केस कापायला बसला होता तेव्हा तिने सहज विषय काढला. आ-थूने आयुष्यभर याच बंदरात जहाजांचे दोरखंड खुंट्यांना बांधले आणि सोडले. जहाजावर पाऊल मात्र कधी ठेवलं नाही. "तीस-पस्तीस वर्षं घोडे बांधले, एकदाही बसलो नाही," असं तो म्हणायचा. पाओ-छिनने कात्री चालवता चालवता म्हटलं, "मग बसा की आता, दादा. ओकिनावाला जाऊन चार दिवसांत परत. भाचा स्वस्तात देईल."

आ-थू मानेला पावडर लावून घरी आला तो जहाजावर चढूनच आला म्हणायचा.

अडचण एकच होती. जहाज परत यायचं ते नेमकं दुसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या तिथीला, थोतीकोंगच्या वाढदिवशी. थोतीकोंग म्हणजे आमच्या चढणीचा राखणदार देव. पांढरी दाढी, गुबगुबीत गाल, आणि देऊळ इतकं लहान की पुजाऱ्याला शिंक आली तर अर्धी बाहेर पडते. पण त्या दिवशी वर्षाचा मानकरी ठरतो. ज्यांना मान हवा असतो त्यांची नावं पुकारतात. ज्याचं त्याने देवासमोर गुडघे टेकायचे आणि कौल टाकायचा. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक उताणा आणि एक पालथा पडला की देव हो म्हणाला. दोन्ही सारखे पडले की तुमचा डाव संपला. ज्याला सलग जास्तीत जास्त होकार, तो मानकरी. देवाचं धूपपात्र वर्षभर त्याच्या घरी. सकाळ-संध्याकाळ धूप, आणि येणारा-जाणारा दारात थांबून हात जोडणार.

आ-शिया लग्न होऊन या चढणीवर आली त्या वर्षी हा मान तिच्या सासूकडे होता. नव्या सुनेने एकदा पात्राची राख सारखी करायला हात पुढे केला, तर सासू म्हणाली, "राहू दे. तुझ्या हाताला मुळ्याचा वास येतो." सासू जाऊन किती वर्षं झाली. मुळ्याचा वास आहे तिथे आहे, आणि ते वाक्यही. तेव्हापासून आ-शिया दरवर्षी कौल टाकते. कधी दोन पडतात, कधी तीन. एका वर्षी पाचवर होती तेव्हा मागे कुणीतरी खोकलं. तो खोकणारा अजून तिच्याकडे मुटका घ्यायला येत नाही, बायकोला पाठवतो.

म्हणून तिने पाओ-छिनला विचारलं होतं, स्पष्ट विचारलं होतं, "त्या दिवशी मी देवळात पोचले पाहिजे. पोचेन ना?"

"जहाज सहाला लागतं," पाओ-छिन म्हणाली. "कौल नऊच्या पुढे. घरी येऊन आंघोळ कर, केस कर. पाहिजे तर मीच करून देते."

आता पाओ-छिनही त्या वर्षी नाव देणार होती, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं. आणि ती खोटं बोलली नाही, हेही. जहाज खरंच सहाला लागलं.

सहलीचं फार सांगण्यासारखं नाही. आ-थू जेवला. आ-शिया जहाजावरच्या अंडी तळणाऱ्याकडे बघत उभी राहायची आणि म्हणायची, "एका अंड्याला इतका वेळ? कोंबडीलासुद्धा लागत नाही." बाकी वेळ खोलीत बसून ती गादीवर कौल टाकायचा सराव करायची. घरचे लाकडी तुकडे तिने रुमालात गुंडाळून बरोबर घेतले होते. खोली सगळ्यात खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेली. भाच्याने स्वस्तात दिली होती ती अशी.

शेवटच्या संध्याकाळी जहाजावरचे लोक सांगून गेले की बॅगा दाराबाहेर ठेवा, आम्ही खाली नेतो, उद्या बंदरावर मिळतील. प्रत्येक बॅगेला रंगीत चिठ्ठी लावायची होती. आ-शियाच्या वाट्याला तपकिरी आली. छान रंग आहे, मळखाऊ, असं तिला वाटलं. बॅग ओळखू यावी म्हणून टपरीवरची, इथे घराघरात असते तशी, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पिशवी फाडून तिची फीत तिने मुठीला बांधली. मग भराभर सगळं आत टाकलं आणि बॅग बाहेर लोटून दार लावलं. आवराआवरी करणारं सगळं जहाज अजून घड्या घालत होतं तेव्हा ती झोपलीसुद्धा होती.

सकाळी उठल्यावर कळलं की सगळं म्हणजे सगळंच आत गेलंय. देवळासाठी आणलेला मरून रंगाचा पोशाख, बूट, कौलाचे तुकडे. अंगावर फुलाफुलांचा झोपायचा पायजमा आणि वर आ-थूचा स्वेटर. पायात खोलीतल्या पांढऱ्या सपाता.

"तू कसा कपडे घालून बसलास?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मी काढलेच नव्हते," आ-थू म्हणाला.

ती तशीच वर डेकवर गेली. कीलुंगचा नेहमीचा भुरभुर पाऊस होता. आणि समोर, अगदी समोर, चढण. तिच्या टपरीचं निळं पत्र्याचं दार, त्याच्या वर पाओ-छिनच्या दुकानाची पाटी, त्याच्या वर देवळाचं लाल छप्पर. हुंग काका, म्हणजे देवळाचे थोरले कारभारी, शिडीवर चढून कंदील बांधत होते. त्यांची ती पिवळी टोपी इथून दिसत होती. आ-शियाला वाटलं हाक मारली तर वळतील. तिने मारलीही. वळले नाहीत, पण खाली दोरखंड ओढणाऱ्या दोघांनी वर पाहिलं.

आ-थू तेवढ्यात मागून येऊन कठड्याला टेकला होता. "ती पुढची दोरी सैल ठेवलीय," तो म्हणाला. "आमच्या वेळी मुकादमाने कान उपटले असते."

"तू दोरी बघ. मी चालले."

उतरायच्या दारापाशी साखळी होती. साखळीमागे जहाजावरचा एक माणूस, चांगला पन्नाशीचा, मिशाळ, पांढऱ्या गणवेशात. छातीवर रोलांदो असं नाव. त्याने वाकून विचारलं, "मावशी, रंग कुठला?"

"रंग कसला? ते बघा माझं घर. ते निळं दार. इथून उडी मारली तर अंगणात पडेन."

"हो. छान घर. रंग?"

"तपकिरी."

रोलांदोच्या चेहऱ्यावर जी दया आली ती तिला मुळीच आवडली नाही. आधी सरकारी माणसं जहाजावर येऊन कागद बघणार, त्याने मोडक्या चिनीत समजावलं. मग पांढरा उतरेल. मग पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. "मग तपकिरी. तपकिरी खालची खोली. खालची खोली शेवटी."

"आम्ही खाली आहोत म्हणजे जमिनीच्या जवळ आहोत. आधी आम्ही उतरायला पाहिजे."

त्यावर रोलांदोने थोडा विचार केला, कारण ते त्याला पटलं असावं. पण साखळी काही काढली नाही.

तिथून ती न्याहारीच्या दालनात गेली. आ-थू खाली येऊन बसलाच होता, ताटात शेवया, मासा, तीन जातीची पेज. सगळं जहाज ओकिनावा सोडल्यापासून काही न खाल्ल्यासारखं खात होतं. शेवटची सकाळ म्हटली की माणसाला भूक नसली तरी पैसे वसूल करायचे असतात.

"खाऊन घे," तो म्हणाला. "बांधताना एक तास, सोडताना अर्धा. उतरायला तर विचारूच नको. मी खालून बघायचो ना, लोक असे डेकवर उभे असायचे, मेंढरांसारखे. मला वाटायचं, यांना घरी जायचं नाही काय."

"हे तू मला आज सांगतोयस?"

"तू विचारलंस पाओ-छिनला."

आ-शियाने त्याच्या ताटातली पेज उचलून स्वतः पिऊन टाकली. रागाने, भुकेने नव्हे. मग खोली रिकामी करा म्हणून घोषणा झाली आणि सगळ्या खालच्या मजल्याला नाटकाच्या सभागृहात नेऊन बसवलं. लाल मखमली खुर्च्या, उतरता गालिचा, त्यावर आदल्या रात्रीच्या नाचणाऱ्यांच्या अंगावरून गळलेली चमकी. शेजारी च्यायी गावाहून आलेली श्याओ नावाची एक धिप्पाड मावशी, मांडीवर पिशवी, पिशवीत संत्री आणि सॉसेज. बंदरावर फळं आणि मांस नेऊ देत नाहीत, वास काढायला कुत्रा असतो, म्हणून ती ते तिथेच संपवत होती आणि शेजाऱ्यांना संपवायला लावत होती.

"घे गं. आपण खाल्लं नाही तर कुत्रा पकडतो."

"मला जायचंय हो ताई."

"आम्हाला कुठं मुक्काम करायचाय? संत्रं घे."

आ-शियाने संत्रं स्वेटरच्या खिशात टाकलं, कारण नाही म्हणायला जास्त वेळ लागला असता.

पांढरा पुकारला. पांढरे गेले, सावकाश, नातवंडांच्या टोप्या शोधत. पिवळा पुकारला तेव्हा आ-शिया उठली आणि पिवळ्यांत घुसली. रोलांदोने तिला दारातून हलकेच वळवून परत आणलं. हिरव्याच्या वेळी तिने सांगितलं की तिला रंग ओळखू येत नाहीत. निळ्याच्या वेळी सांगितलं की नवरा आजारी आहे. रोलांदोने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा श्याओ मावशीचं सॉसेज खात होता.

"म्हाताऱ्या, जरा तोंड पाड की," ती दातांतून म्हणाली.

"भरलेलं आहे," आ-थू म्हणाला.

शेवटी तिने फोन काढला. बंदराला लागल्यामुळे तो आता चालत होता. पलीकडे ढोल, झांजा आणि त्यात हुंग काकांचा आवाज.

"आ-शिया, कुठं आहेस? सगळ्यांचं झालं. तुझंच नाव मागे ठेवलंय."

"खाली आहे, काका. जहाजात. तुमची पिवळी टोपी दिसत होती मघाशी."

"मग ये की वर."

"सोडत नाहीत. पाओ-छिनला किती?"

"सहा."

"सहा?"

"सहा. तिचा तिलाच विश्वास बसत नाही, रडतेय. हे बघ, धुपाची कांडी लावलीय. ती विझेपर्यंत थांबतो, पुढे देव थांबत नाही. आणि बरोबरी झाली तर मान हजर असेल त्याचा, हे तुला माहीत आहे. तुला सात लागतील."

आ-शियाने फोन कानाशीच धरून डोळे मिटले. सभागृहात कुठेतरी एक मूल रडत होतं आणि त्याचं तिला फार बरोबर वाटलं.

श्याओ मावशीने हे सगळं ऐकलं होतं. तसं तर खुर्च्यांच्या तीन रांगांनी ऐकलं होतं. "नाणी टाक," ती संत्रं सोलत म्हणाली. "कौल नसले तर मी नाणीच टाकते. माझ्या सुनेची बाळंतपणं नाण्यांवर विचारली. दोन्ही खेपेस खरं निघालं."

"ऐकलंत काका? नाणी चालतील?"

"असं कधी झालं नाही."

"देवाला विचारा."

हे मात्र काकांना नाही म्हणता येईना. देवळात शांतता झाली. मग लाकूड फरशीवर पडल्याचा आवाज. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. मग काकांचा खाकरा. "तिन्ही वेळा हो म्हणाला. टाक. पण तुझ्या नवऱ्याचं ऐकणार नाही मी. साक्षीदार दुसरा पाहिजे."

"मी आहे," श्याओ मावशी म्हणाली. "च्यायीची श्याओ. माझा यात काही फायदा नाही."

मधल्या वाटेतल्या गालिच्यावर आ-शियाने गुडघे टेकले. फुलाफुलांचा पायजमा, पांढऱ्या सपाता, नवऱ्याचा स्वेटर. देऊळ कुठल्या दिशेला, हे आ-थूने जागेवरूनच हात करून दाखवलं. त्या सकाळी त्याचा तेवढाच उपयोग झाला. तिने दोन नाणी ओंजळीत धरली, नाव सांगितलं, पत्ता सांगितला, बाहेर उभी आहे पण येऊ देत नाहीत असंही सांगितलं, आणि टाकली.

एकावर चेहरा, एकावर आकडा.

"हो," श्याओ मावशीने फोनमध्ये सांगितलं. देवळात ढोलावर एक टिपरी पडली.

दुसरा हो. तिसरा हो. आता मागच्या रांगांतली माणसं उठून वाटेच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. जांभळ्यांना पुकारलं, पण निम्मे जांभळे हललेच नाहीत. चौथा हो. एका म्हाताऱ्याने खिशातून जपमाळ काढली. आणि तेवढ्यात छतातून गोड बाईचा आवाज आला, की तपकिरी चिठ्ठीच्या प्रवाशांनी आता उतरायला यावं.

सगळ्या सकाळभर ज्या शब्दासाठी आ-शियाचा जीव अडकला होता, तो हा.

रोलांदो स्वतः धावत आला. त्याला आनंद झाला होता. "मावशी, तपकिरी. आता तुम्ही. चला."

"थांब," आ-शिया म्हणाली.

"तपकिरी, मावशी."

"ऐकलं. बाजूला उभा राहा."

तिला उठता येत नव्हतं. डाव सुरू असताना देवासमोरून उठायचं नसतं. उठलात की संपला. पाचवा हो. रोलांदो बाजूला उभा राहिला, एकदा घड्याळाकडे बघत, एकदा नाण्यांकडे. पुन्हा घोषणा झाली, आता खोलीच्या क्रमांकासकट. सहावा हो. कुणी टाळ्या वाजवायला लागलं तर श्याओ मावशीने हात वर करून थांबवलं.

फोनमधून हुंग काका म्हणाले, "बरोबरी झाली. कांडी बोटभर उरलीय."

सातव्या वेळी आ-शियाने घाई केली. तेवढंच. ओंजळ जरा जास्त उंच गेली. एक नाणं तिच्यासमोर पडलं, चेहरा वर. दुसरं काठावर पडलं, उभंच राहिलं, आणि उतरत्या गालिच्यावरून निघालं. सगळं सभागृह त्याच्याकडे बघत होतं. ते खुर्च्यांच्या पायांना चुकवत, चमकीतून वाट काढत, रंगमंचापर्यंत गेलं आणि खालच्या काळ्या पडद्याच्या आत शिरलं.

"काय पडलं?" काकांनी विचारलं.

"अर्धं पडलंय," श्याओ मावशी म्हणाली. "अर्ध्याचं बघतोय."

"कुणी हात लावू नका," आ-शिया म्हणाली. पण ती हे तिच्या घरच्या बोलीत म्हणाली, आणि रोलांदो दूरच्या बेटांवरचा माणूस. म्हातारीचं नाणं हरवलं, म्हणून ती उठत नाही, एवढं त्याला कळलं. तो धावत खाली गेला, पांढऱ्या गणवेशात पोटावर झोपला, पडद्याखाली खांद्यापर्यंत हात घातला, चाचपडला, आणि मग हसत उभा राहिला. नाणं मुठीत. वर आला आणि दोन्ही हातांनी, वाकून, ते तिच्या ओंजळीत ठेवलं.

तीन रांगा तिच्या ओंजळीत वाकून बघायला लागल्या.

"कुठली बाजू वर होती?" आ-शियाने विचारलं. अगदी हळू.

रोलांदोने श्याओ मावशीकडे पाहिलं, मावशीने खुणा करून समजावलं. त्याने आठवायचा मनापासून प्रयत्न केला. "आत अंधार आहे, मावशी," तो म्हणाला. "धूळ पण फार."

फोनमधून काका म्हणाले, "दिसलं नाही ते पडलं नाही. पुन्हा टाक." आणि मग, एका श्वासाने, "राहू दे, आ-शिया. विझली."

ती सगळ्यांत शेवटी उतरली. बंदरावरच्या हॉलमध्ये श्याओ मावशी कुरकुरत उभी होती, कारण प्रत्येकाने आपापल्या बॅगेला लाल-पांढऱ्या पिशवीची फीत बांधली होती आणि त्यामुळे निम्मं जहाज दुसऱ्याच्या बॅगा उघडून बघत होतं. वासाचा कुत्रा सगळ्यांना सोडून आ-शियाजवळ आला आणि तिच्यासमोर शांतपणे बसला. स्वेटरच्या खिशात संत्रं होतं. अधिकाऱ्याने ते काढून घेतलं आणि तिला समजावलं की फळांमधून रोग पसरतात. तिने सगळं ऐकून घेतलं. आ-थू सांगतो, लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला मधे न बोलता ऐकताना त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

चढणीवर पाओ-छिन धूपपात्र दोन्ही हातांत धरून दुकानात निघाली होती, मागे ढोल. आ-शियाला पायजम्यात बघून ती थबकली.

"सहा तर तुलाही पडले," ती म्हणाली. तिचे डोळे अजून लाल होते.

"सातवं पडलं होतं."

"कुठं?"

"नाटकाखाली," आ-शिया म्हणाली आणि टपरीचं दार उघडायला गेली, सुट्टीचा दिवस असून.

पुढचे दोन महिने आमच्या गल्लीने जे मुटके खाल्ले ते दगडासारखे होते. टपरीतून पाओ-छिनचं दुकान सरळ दिसतं. केस वाळवायच्या यंत्रांच्या मधे, आरशासमोर, धूपपात्र. केस कापून घेणारा आरशात स्वतःकडे बघायचा आणि हात जोडायचा, कुणाला ते कळायचं नाही. धुराचा वास रस्ता ओलांडून सोयाच्या दुधात यायचा. आ-शिया भात मुठीत घ्यायची आणि दाबायची, दाबायची. कुणी विचारलंच, तर सातव्या कौलाची सगळी हकिकत सांगायची, रोलांदोच्या धुळीसकट. पुढचे रांगेत ताटकळायचे. ती बाई आता लोकांना ताटकळवत होती.

मग चौथ्या महिन्यात एका सकाळी पाओ-छिन स्वतः टपरीवर आली. मुटका घेतला, पण हलली नाही.

"बाजूला उभी राहा," आ-शिया म्हणाली. "मागे लोक आहेत."

पाओ-छिन बाजूला उभी राहिली. "मी आणि माझ्या बहिणींनी जहाजाचं आरक्षण केलं होतं. मान मिळायच्या आधीच. भाच्याने स्वस्तात दिलं. आता धूपपात्र सोडून जाता येत नाही. सकाळ-संध्याकाळ धूप लागतो. हुंग काकांना विचारलं. ते म्हणाले, कुणाच्या तरी हवाली कर, पण देवाची परवानगी घे."

आ-शियाने मुठीतला भात सोडला नाही. "मग?"

"मी तुझं नाव सांगून कौल टाकला."

"किती पडले?"

"एकच विचारायचा असतो. हो म्हणाला."

आ-शियाने मुटका बांधला, पिशवीत टाकला, पुढच्याच्या हातात दिला. कोण होता ते तिने पाहिलंही नाही. "आण," ती म्हणाली.

पाओ-छिनचा चेहरा उजळला. जायला वळली, आणि वळून परत आली. "तू जाऊन आलीस. काही सांगण्यासारखं आहे का? शेवटच्या दिवशी मला वेळेत यायचंय, दुपारी लग्नाची नवरी आहे, तिचे केस."

आ-शियाने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं की ती बघतेय.

"काही नाही," ती म्हणाली. "जहाज सहाला लागतं."

चार दिवस धूपपात्र टपरीत, मुळ्याच्या बरण्यांच्या वरच्या फळीवर होतं. हात लावायच्या आधी ती लिंबाने बोटं चोळून धुवायची. पण एकदा, सकाळच्या गर्दीत, विसरली. तशाच हातांनी राख सारखी केली. मग बोटं नाकाशी नेली, क्षणभर थांबली, आणि तशाच हातांनी पुढचा मुटका वळला.

पाचव्या सकाळी जहाज आलं. सहाला, बरोबर. आ-शिया धुपाची कांडी लावत होती. तिने ती सावकाश लावली, दोन्ही हातांत धरून तीनदा वाकली, मधोमध रोवली. मागे रांग लागली होती. "थांबा जरा," ती म्हणाली, पाठ न वळवता.

फोन वाजला.

"आ-शिया, इथं साखळी लावलीय. सोडत नाहीत. मी डेकवरून तुझं दार बघतेय."

"मी पण बघतेय तुला. खाली जा, भिजशील."

"ही माणसं मला रंग विचारतायत. रंग कसला?"

आ-शियाने राखेवरचा धूर हाताने दूर केला. "तुला कुठला दिलाय?"

"तपकिरी."

"छान रंग आहे," आ-शिया म्हणाली. "मळखाऊ." आणि रांगेकडे वळून पहिल्या गिऱ्हाइकाला विचारलं, काय बरं घ्यायचंय, सावकाश सांगा.